आई सांगते एक, सासू सांगते दुसरं, मोबाईल तिसरंच

प्रश्न थोडक्यात असा. परभणी जिल्ह्यातल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एक ताई विचारतात. पहिलं लेकरू, मुलगा, आठ महिन्यांचा. बाळंतपण माहेरी उदगीरकडं झालं, आता सासरी आहेत, रजा संपत आलीय. मे महिन्यात लेकरू तीन महिन्यांचं असताना डॉक्टर म्हणाले पाण्याचा थेंब नको, आजी म्हणाली घसा सुकेल लेकराचा. आता सासूबाई रोज गुटी उगाळतात. नवरा म्हणतो रडलं की लगेच उचलू नको, हातावरची सवय लागते. त्यानं तसे व्हिडिओ पाहिलेत. ताई वरणाचं पाणी भरवतात, तर सासूबाई म्हणतात भाकर कुस्करून दे. जाऊबाई मोबाईल समोर धरून भरवतात आणि त्यांचं लेकरू गुटगुटीत आहे. दोन डॉक्टरांनीही दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. “ऐकू तरी कोणाचं?”

ताई, तुमचा प्रश्न वाचताना तुमच्या घरातली सगळी माणसं मला ओळखीची वाटली. मी बालरोगतज्ज्ञ आहे. अंबाजोगाईला शिकलो आणि किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी, म्हणजे १९९३ ला, तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला. तेव्हापासून रोज कुणी ना कुणी सासू, सून आणि लेकरू माझ्या टेबलासमोर बसतात. लेकराचा खोकला दोन मिनिटांत सांगून होतो आणि मग खरी तक्रार निघते, “डॉक्टर, तुम्हीच सांगा हिला.” किंवा सून गप्प बसते, आणि सासू औषध आणायला बाहेर गेली की खालच्या आवाजात म्हणते, “सर, तुम्ही जरा त्यांना सांगा ना.”

लेकराच्या नावानं जे वाद होतात त्यातले निम्मे तरी घरात शब्द कोणाचा चालायचा याचे असतात. त्यात डॉक्टरचा सल्ला काठीसारखा वापरला जातो. ही काठी मी आता कोणाच्याच हातात देत नाही. पूर्वी देत होतो, त्याचं काय झालं ते खाली येईलच.

आधी डॉक्टरांचं बघू, कारण आमचं खातंही काही धुतल्या तांदळासारखं नाही. मी दवाखाना टाकला तेव्हा आम्हाला शिकवलेलं होतं की वरचं अन्न चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान सुरू करा. मी नवा, उत्साही. चौथा महिना सरला की सांगायचो, भाताची पेज द्या, केळं कुस्करून द्या. एका आजीनं मला तोंडावर सांगितलं, “डाक्टर, सहावा झाल्याबिगर उष्टावण नसतंय. लेकराचं पोट कच्चं असतंय.” मी हसलो आणि सुनेच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरात ‘केळं’ लिहून दिलं. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस बदलली: पूर्ण सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं अन्न त्यानंतर. म्हणजे आजीपर्यंत पोचायला मला आठ वर्षं लागली. त्या घरात ते केळं कधी दिलंच गेलं नव्हतं, हे सुनेनं नंतर सांगितलं.

मोठ्या मोठ्यांचंही असंच झालंय. अमेरिकेत डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या शब्दाबाहेर दोन पिढ्यांच्या आया जात नव्हत्या. त्यांचा एक सल्ला होता, बाळाला पालथं झोपवा, म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही. ऐकायला किती पटतं! पुढं मोजदाद झाली तेव्हा दिसलं की झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांत पालथी झोपणारी जास्त आहेत. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९९४ मध्ये अमेरिकेत बाळाला उताणं झोपवा अशी मोहीम निघाली आणि काही वर्षांत असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. शेंगदाण्याची गत तीच. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका असं सांगितलं. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या अशाच धोका असलेल्या ६४० बाळांवरचा अभ्यास आला. ज्यांना लहानपणापासून दाण्याचे पदार्थ दिले त्यांच्यात पाचव्या वर्षी साधारण ३ टक्क्यांना ॲलर्जी, ज्यांना टाळायला लावले त्यांच्यात १७ टक्क्यांना. आपल्याकडं भाजीत कूट टाकल्याशिवाय चूल विझत नाही, त्यामुळं हा वाद आपल्या दारापर्यंत फारसा आलाच नाही. (कूट द्या. अख्खा दाणा मात्र चार-पाच वर्षांपर्यंत हातात देऊ नका. हुरड्याच्या दिवसांत श्वासनळीत दाणा अडकलेलं एखादं तरी लेकरू मला दुर्बिणीनं काढण्यासाठी मोठ्या शहरात पाठवावं लागतं.)

यावरून आज्या बरोबर आणि डॉक्टर चूक असा अर्थ काढू नका. याच आज्या पिढ्यान् पिढ्या चिकाचं दूध ‘जड असतं’ म्हणून पिळून टाकत आल्या आणि लेकराच्या जिभेवर मध-गुळाचं बोट लावत आल्या. पहिल्या तीन दिवसांचं ते घट्ट पिवळं दूध लेकराला रोगांशी लढायची जी ताकद देतं ती आमच्या कुठल्याही बाटलीत नाही.

मग निवडायचं कसं? मी प्रत्येक सल्ल्याला एकच गोष्ट विचारतो: हे चुकलं तर लेकराचं काय जाईल, आणि ते वेळेत कळेल का? एवढ्यानं तुमचे निम्मे वाद आपोआप बाजूला पडतील. एकेक घेऊ.

पाण्याचं आधी, कारण तुमच्यासाठी ते आता मागं पडलंय, पण मराठवाड्यात दर उन्हाळ्यात माझा अर्धा वेळ यातच जातो. पारा त्रेचाळीसवर, पत्र्याचं घर, लेकरू घामानं चिंब, आणि डॉक्टर म्हणतो पाणी नको. कुठल्याही आजीच्या काळजाला हे लागणारच. पण अंगावरच्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच असतं. तीन महिन्यांच्या बाळाचं पोट केवढंसं! ते पाण्यानं भरलं की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी तयार होतं, आणि पंधरा दिवसांत आई म्हणते, “मला दूधच पुरत नाही.” शिवाय आपल्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी येतो, पाणी टाकीत आणि रांजणात साठतं, आणि जुलाबाची साथ तिथूनच घरात शिरते. इतक्या लहान जीवाला पाणी जास्त झालं तर रक्तातलं मीठ उतरून झटकेही येऊ शकतात. तेव्हा डॉक्टर बरोबर होते. लेकराला दूध पुरतंय का हे ओळखायची खूण सोपी आहे: दिवस-रात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा लघवी, तीही फिकट.

आजीची काळजी मात्र खोटी नव्हती, फक्त तांब्या चुकीच्या माणसापुढं धरला होता. बाळंतिणीला पाणी मोजून द्यायची आपल्याकडं जुनी खोड आहे. तो तांब्या तुम्हाला मिळायला हवा होता. मी हे आज्यांना असंच सांगतो आणि बहुतेकींना पटतं, कारण त्यांच्या हातातलं काम मी काढून घेत नाही. आता तुमचा मुलगा आठ महिन्यांचा आहे, जेवणासोबत उकळून गार केलेलं पाणी वाटीनं दोन-चार घोट द्या. बाटली नको. तिची बुच्ची कोणाच्याही घरी नीट धुतली जात नाही, माझ्याही घरी गेली नसती.

आता वरणाचं पाणी. इथं तुमच्या सासूबाई बरोबर आहेत, आणि हे मी जरा सविस्तर सांगणार आहे.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आली होती, नऊ महिन्यांची, वजन सहा किलो दोनशे. या वयाला आठच्या आसपास हवं. अंगणवाडीच्या कार्डावर ती पिवळ्या पट्ट्यात उतरलेली. आई शिकलेली, वहीत वेळा लिहिलेल्या, दिवसातून चार वेळा भरवते, लेकरू खातंही. आजी बाजूला तोंड फुगवून बसलेली. मी विचारलं, डबा आणलाय का? प्रवासात लागेल म्हणून आणला होता. स्टीलचा छोटा डबा, आत वरणाचं पाणी आणि मऊ भात गाळणीनं गाळून केलेलं पातळ मिश्रण. मी त्यात चमचा बुडवला आणि टेबलावरच्या कागदावर आडवा केला. सगळं ओघळून गेलं, कागद पिवळा झाला, चमचा कोरा. आजीला म्हणालो, तुमच्या पिशवीत काय आहे? तिनं फडक्यातली भाकर काढली. चतकोर तुकडा त्याच डब्यातल्या वरणात पाच मिनिटं भिजवला, बोटांनी चुरला, वर कंपाउंडरच्या डब्यातलं चमचाभर तूप. पुन्हा चमचा आडवा केला. घास चमच्यावर बसून राहिला. लेकरानं पाच-सहा घास घेतले आणि सातव्याला तोंड फिरवलं. आई माझ्याकडं पाहत होती, आणि आजी पंख्याकडं. जिंकल्यावर असं दुसरीकडं बघणं फक्त आज्यांनाच जमतं.

आठ महिन्यांच्या लेकराच्या पोटात एका वेळी फार तर वाटीभर मावतं. ती वाटी पाण्यानं भरली तर पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. घट्ट वरण-भात, मुगाची मऊ खिचडी, ज्वारीच्या शिजवलेल्या कण्या, वरणात भिजवलेली भाकर, कुस्करलेलं केळं, अंडं चालत असेल तर उकडून पूर्ण अंडं, पांढरं-पिवळं दोन्ही. प्रत्येक वाटीत चमचाभर तूप किंवा तेल. आत्ता दोन-तीन वेळा, नववा संपला की तीन-चार वेळा, आणि अंगावरचं दूध चालूच. मिक्सर बंद करा. गुळगुळीत लगद्याची सवय लागलेली मुलं दीड वर्षाची झाली तरी घास चावत नाहीत.

लोहाची गोष्ट वेगळी सांगतो, कारण तिच्यावरून घरात कधीच वाद होत नाही आणि खरं तर तिच्यावरूनच व्हायला हवा. आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमाराला संपत येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या जवळपास ६९ मुलांना रक्तक्षय निघाला. आणि आपल्याकडं लाडानं काय देतात? चहात बुडवलेलं बटर किंवा बिस्कीट. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. वरणात चार थेंब लिंबू पिळलं तर उलट ते जास्त लागतं. लोहाचे थेंब तुमच्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. मिठाचं म्हणाल तर वर्षाच्या आत वेगळं मीठ-साखर नको म्हणतात ते बरोबर आहे, लेकराची वाटी फोडणीआधी बाजूला काढा. पण कधी सासूबाईंच्या ताटातला खारट घास गेला तर त्यावरून घर डोक्यावर घेऊ नका.

आता गुटी, आणि माझी चूक.

गुटीत काय काय असतं ते आधी सहाणेजवळ बसून बघा. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, हिरडा, जायफळ, बदाम, खारीक, आणि बहुतेक वेळा मध. जायफळानं लेकरू सुस्त पडतं, घरच्यांना वाटतं गुण आला, शांत झोपलं. वेखंड जास्त झालं की उलट्या होतात. मध वर्षाच्या आत अजिबात नको. त्यात एका जिवाणूची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत, लहान बाळाच्या रुजतात आणि त्यांचं विष स्नायू लुळे पाडतं. आधी शौचाला खडा होतो, मग रडणं क्षीण होतं, मग श्वासावर येतं. असं क्वचित होतं, पण मधानं लेकराचं जे भलं होतं म्हणतात ते तेवढंही होत नाही. तेव्हा मध, जायफळ, वेखंड काढा. धुतलेल्या सहाणेवर बदाम-खारकेचे दोन-चार वळसे सासूबाईंना घेऊ द्या. तुमचा मुलगा सहा महिन्यांच्या पुढं आहे, एवढ्यानं त्याचं काही बिघडत नाही आणि त्यांचा हात त्याच्या तोंडापर्यंत राहतो. मालिशही त्यांनाच करू द्या, फक्त नाका-कानात तेल नको आणि डोळ्यांत काजळ नको. दृष्ट खुशाल काढू द्या.

चूक अशी. पंचवीसेक वर्षांपूर्वी चाळीस दिवसांचं एक लेकरू आलं. संध्याकाळ झाली की कळवळून रडायचं. आजीनं पोटावर बिब्बा घातला होता. बेंबीभोवती चार काळे डाग, त्यातले दोन फुटून कातडी सोललेली. माझं डोकं फिरलं. भरल्या दवाखान्यात, सगळ्यांसमोर, मी त्या आजीला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. आजी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, धडा मिळाला.

दोन वर्षांनी त्याच घरातलं दुसरं लेकरू आलं. चार दिवसांचे जुलाब, टाळू आत गेलेली, पोटाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. सलाईनला शीर सापडेना. “काहून उशीर केला?” म्हणून मी आईवर ओरडलो, तर ती म्हणाली, “आज्जी म्हणली, तो डाक्टर लई बोलतो, घरीच बघू.” लेकरू वाचलं. पण त्या चार दिवसांतले तीन माझ्या तोंडानं खाल्ले होते. पहिल्या दिवशी मीठ-साखरेचं पाणी पोचलं असतं तर सलाईन लागलंच नसतं. तेव्हापासून माझ्या टेबलासमोरची पहिली खुर्ची आजीची. बिब्ब्याला, डागाला आजही मी सक्त नाही म्हणतो, पण खालच्या आवाजात आणि खोलीत दुसरं कोणी नसताना.

बिब्ब्यावर तिचा विश्वास का होता, हे मला नंतर उमगलं. लहान बाळांचं रडणं दीड महिन्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. त्या काळात जे कराल त्याला गुण आल्यासारखं वाटतं. बिब्ब्याला आला, गुटीला आला, ग्राइप वॉटरला आला, आणि खरं सांगायचं तर आमच्या थेंबांनाही असाच येतो.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा. रडलं की उचलायचं की नाही. १९२८ साली अमेरिकेतले जॉन वॉटसन नावाचे मानसशास्त्रज्ञ सांगत होते की मुलांना मिठीत घेऊ नका, मुके घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा. हातावरची सवय लागते या बोलण्याला इतकी जुनी विलायती साथ आहे. उलट १९८६ मध्ये कॅनडात एक अभ्यास झाला. काही आयांना बाळ नेहमीपेक्षा जास्त वेळ अंगाखांद्यावर वागवायला सांगितलं. सहा आठवड्यांच्या वयात ती बाळं इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. म्हणजे लहान बाळ उचलल्यानं बिघडत नाही. पण तुमचा मुलगा आता लहान बाळ राहिलेला नाही, आणि व्हिडिओवाले सगळंच खोटं सांगतात असंही नाही. ऑस्ट्रेलियात सात-आठ महिन्यांच्या बाळांना थोडं थोडं रडू देऊन, मधूनमधून थोपटून, आपलं आपण झोपायला शिकवलं. अभ्यासातल्या ३२६ मुलांपैकी २२५ जणांना सहाव्या वर्षी पुन्हा तपासलं आणि २०१२ मध्ये निकाल आला. मुलांचं काही नुकसान नाही, आई-बापाशी असलेल्या नात्यात फरक नाही, आणि कायमचा असा फायदाही नाही.

याचा अर्थ असा की इथं चुकलं तरी लेकराचं काही जात नाही. अशा बाबतीत मी एकच न्याय लावतो: रात्री जो उठतो त्यानं ठरवायचं. यजमानांना उचलणं पटत नसेल तर आठ दिवस रात्री दोनला त्यांनी उठावं आणि त्यांच्या पद्धतीनं झोपवून दाखवावं. मी हे गेली कित्येक वर्षं सांगतोय. काही नवऱ्यांनी खरंच करून दाखवलं, त्यांचं मत पुढं घरात चाललं आणि चालायलाच हवं. बाकीच्यांचं मत तिसऱ्या रात्री बदललं. शिवाय आपल्याकडं लेकराला पाच मिनिटं रडू द्यायचं म्हटलं तरी जमतं कुठं? भिंतीपलीकडून शेजारची आजी विचारते, “काय गं, माय घरात नाही का लेकराची?” आठव्या-नवव्या महिन्यात ओळखीचं-अनोळखी कळायला लागतं, आई दिसेनाशी झाली की लेकरू जास्त रडतं, हेही लक्षात घ्या. तुमची शाळा नेमकी याच वेळी सुरू होतेय. आत्तापासून रोज तास-दोन तास सासूबाईंच्या हातात देऊन बाहेर जाऊन या, आणि निघताना सांगून निघा, गुपचूप सटकू नका.

मोबाईलवर मी फार बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय, आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही तेच सांगते: दोन वर्षांच्या आत पडदा नाही, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत फार तर तासभर. जाऊबाईंचं लेकरू गुटगुटीत आहे कारण पडद्याकडं बघत तोंड उघडताना पोट भरल्याचं त्याला कळतच नाही. पण त्यांना हे तुम्ही सांगायला जाऊ नका. आणि एक प्रश्न तुमच्या यजमानांसाठी: बाळाला कसं वाढवायचं याचे व्हिडिओ बाळ मांडीवर असताना बघतात का?

एका गोष्टीत मात्र घरच्यांच्या मतांना मी जागा देत नाही. “याचा बापपण तीन वर्षांचा झाल्यावर बोलला.” हे वाक्य मी अक्षरशः शेकडो वेळा ऐकलंय, आणि त्यातली काही लेकरं बहिरी निघाली. वर्षाचं लेकरू नावाला वळत नसेल, बोटानं दाखवत नसेल, टाटा करत नसेल. सोळा महिन्यांना एकही शब्द नसेल. दोन वर्षांना ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नसेल. किंवा आधी येत असलेला शब्द गेला असेल, तर वाट पाहायची नाही. जिभेखालची नस कापायचीही नाही. आधी कानांची तपासणी करायची. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा, ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत पाठवतात. बोलणं उशिरा आलं आणि सगळं ठीक निघालं तर एक दिवस वाया गेला. उलटं झालं तर गेलेलं वर्ष परत मिळत नाही. लसींचंही असंच, त्या चुकवायच्या नाहीत.

दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगतात, हे राहिलं. बऱ्याचदा त्यांच्यासमोरचं घर वेगळं असतं. तुमचा प्रश्न आला त्याच आठवड्यात बीडकडची एक बाई आली. दिवाळी झाली की नवऱ्यासोबत कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणार, थेट मार्च-एप्रिलला परत. लेकरू पाच महिन्यांचं. पुस्तकाप्रमाणं मी तिला म्हणायला हवं, सहा महिने पुरे होऊ दे. पण पहाटे चारला फडात उतरणाऱ्या बाईला मी काय सांगू? लेकरू सोबत ने म्हणालो तर उसाच्या फडातली पाचट, थंडी, कोपीतला (पाचटाच्या झोपडीतला) धूर. ठेवून जा म्हणालो तर दूध तुटतं. आम्ही तिघांनी, ती, तिची सासू आणि मी, तासभर बसून ठरवलं. लेकरू सोबत जाईल, जायच्या आधी वरण-भाताला लागेल, दुपारी कोपीवर थांबणारी नणंद भरवेल, रात्रभर अंगावर पाजायचं, आणि लसीचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत. शहरातला एखादा डॉक्टर हे वाचून म्हणेल, चुकीचा सल्ला दिला. त्यानं फडावर येऊन बघावं.

पुढं तुमच्याही घरात मोठे वाद येतील. मराठी शाळा का इंग्रजी, दहावीनंतर लातूरला ठेवायचं का, आणि त्याआधी दोन-तीन वर्षांचा झाला की मारायचं का नाही. “आम्ही मार खाऊनच मोठे झालो” असं यजमान म्हणतील. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे हे तुम्हाला शिक्षिका म्हणून माहीतच आहे. घरासाठी तसा कायदा नाही, पण २०१६ मध्ये ७५ अभ्यासांचा, एक लाख साठ हजारांवर मुलांचा मिळून आढावा आला, त्यात माराचा संबंध चांगल्या वागण्याशी कुठंच जुळला नाही, बिघडलेल्या वागण्याशी मात्र जुळला. त्यावर तेव्हा बोलू, आत्ता त्याला रांगू द्या. चाकाचा वॉकर कोणी भेट दिलाच तर माळ्यावर टाका. कॅनडात २००४ पासून तो विकायलाच बंदी आहे, आणि आपल्या घरांचे उंबरे तर तिथल्यापेक्षा उंच.

नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस आहे. तेव्हा दवाखान्यात जाताना सासूबाईंना सोबत न्या, आणि घरचा डबा-चमचाही. वजन काट्यावर त्यांनाच करायला सांगा.